तृप्तीमाईंच्या दूर्वा

मंगळवारी दुपारी बिबवेवाडीतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. जिन्यावर चपलांचा ढीग, आत बायकाच बायका, आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक डबा. कुणाच्या डब्यात पुरणपोळी, कुणाच्या बासुंदी; खडकीच्या क्वार्टर्समधून येणाऱ्या एक काकू तर पातेलंभर श्रीखंड घेऊन यायच्या. आपल्याला सगळ्यात जास्त आवडतं ते आणायचं, तृप्तीमाईंच्या पायाशी ठेवायचं आणि म्हणायचं, "माई, माझी भूक तुम्हाला वाहिली." मग डोळे मिटून पदर सरकवायचा. माई लाल रेशमात बांधलेली दूर्वांची जुडी बेंबीशेजारी टेकवत, घंटा घणघणे, दूर्वेचं टोक टोचल्यासारखं होई आणि पुढचा मंगळवार येईपर्यंत ताटाकडे बघावंसंही वाटत नसे.

"डाएटवाले तुमचं खाणं काढून घेतात," माई म्हणायच्या. "मी फक्त भूक घेते." खाण्याचे डबेही माईंकडेच राहत, हे कुणाला खटकत नव्हतं.

पंचाईत अशी, की बायका खरंच वाळत होत्या. दीपमाला शाळेत विज्ञान शिकवायची, नारळातून निघणारे केस, पाण्यानं पेटणारे दिवे असले बुवांचे चमत्कार तिनं वर्गात मुलांकडूनच करून घेतले होते. पण इथं तिची सख्खी धाकटी बहीण अपेक्षा महिन्याभरात चांगलीच उतरली होती. काट्यावर ते दिसत होतं. ह्याला हसायचं तरी कसं?

तरी तिला काळजी वाटत होती. अपेक्षाला मधुमेह, त्याच्या गोळ्या चालू, आणि आता ती दोन घास खाऊन उठायची. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"अगं, तुला सारख्या उलट्या होतायत. माईंना सांगितलंस का?"

"सांगितलं. विकार बाहेर पडतोय म्हणाल्या."

"आणि चक्कर?"

"जुनं अंग सुटतंय." अपेक्षानं आवाज खाली आणला. "ताई, डॉक्टरांजवळ बोलू नकोस हं. वाच्यता केली की भूक दुपटीनं परत येते."

माईंनी प्रत्येक दुखण्यावर असं उत्तर तयार ठेवलं होतं. पोट फारच दुखलं तर श्रद्धा कमी पडली. दीपमालाला संताप आला, पण बहिणीचं मन मोडायला नको म्हणून ती गप्प बसली.

पुढच्या मंगळवारी सकाळी अपेक्षा स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. अंगाला दरदरून घाम, जीभ जड झालेली, आणि ती दीपमालाला "आई, आई" म्हणत होती. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओट्यावर मधुमेहाच्या गोळीचं रिकामं पाकीट पडलं होतं. गोळी चुकवायची नाही हे डॉक्टरांचं सांगणं तिनं पाळलं होतं, आणि अन्नाची इच्छा धरायची नाही हे माईंचंही. दोघांचंही ऐकायचं, दोघांनाही दुखवायचं नाही, अशी ती वाढलेली मुलगी होती.

गल्लीतल्या डॉक्टर बिलकिस धावत आल्या. साखर फार खाली गेलेली दिसताच त्यांनी लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं आणि अपेक्षाला हॉस्पिटलात हलवलं. तिथं तिची साखर वर यायची आणि पुन्हा घसरायची. लघवी जवळजवळ बंद झाली होती.

"उलट्यांनी अंगातलं पाणी संपलंय, मूत्रपिंडावर ताण आलाय," बिलकिस म्हणाल्या. मग त्यांनी बेंबीभोवतीचे बारीक लाल ठिपके दाखवले. "दीपमालाताई, हे इंजेक्शन कुणी दिलं?"

"इंजेक्शन नाही. दर मंगळवारी दूर्वा लावतात."

"दूर्वेनं असे ठिपके पडत नाहीत. जे दिलंय ते आठवडाभर अंगात राहणारं असणार. काय दिलं, किती दिलं, ते मला आजच कळायला हवं."

दीपमाला सोसायटीच्या हिरवळीवर गेली, ताज्या दूर्वा खुडल्या, दोऱ्यानं बांधल्या आणि थेट हॉल गाठला. तिची पाळी आली तेव्हा तिनं हात जोडले.

"माई, दूर्वा मी घरून आणल्यात. ह्यांनीच स्पर्श करा."

"त्यांच्यावर संस्कार नाहीत, बाळ. ह्या शीतपात्रात ठेवलेल्या."

शीतपात्र म्हणजे आतल्या खोलीतला फ्रिज. त्याची घरघर बाहेर ऐकू येत होती.

"गणपतीला चालतात, तुम्हाला चालत नाहीत?"

मागं कुणीतरी खुसखुसलं. माई घाईनं जुडी घेऊन पुढं वाकल्या, आणि दीपमालानं लाल रेशमाचं टोक धरून ओढलं. पाती खाली गळली. माईंच्या मुठीत राहिलं एक इंजेक्शनचं पेन. त्याच्या टोकाला केसासारखी सुई होती.

दीपमालानं पेनावरच्या नावाचा आणि डोसाच्या आकड्याचा फोटो काढून बिलकिसना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"हे वजन उतरवायचं औषध आहे," बिलकिस म्हणाल्या. "पोट हळू रिकामं होतं आणि मेंदूला भूक कळत नाही. अपेक्षाला साखरेच्या गोळ्या चालू असताना हे दिलं, तेही पहिल्याच वेळी मोठ्या डोसात. आता कळलं, पुढचं बघते मी."

बायका माना उंचावून पेन बघू लागल्या. मग श्रीखंडवाल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे औषधच ना? मग बिघडलं काय? मला आजचं घेऊ द्या."

 चमत्कार उघडा पडला होता, तरी पदर सरकलेलेच होते.

"काकू, औषध चांगलं आहे," फोनमधून शांत आवाज आला. "पण ते सगळ्यांसाठी नाही. आधी तपासण्या, मग लहान डोस, तो आठवड्या-आठवड्यानं वाढवायचा, चालू गोळ्या बदलायच्या. दिवस राहिले असतील तर घ्यायचंच नाही. उलट्या थांबत नसतील, पोटातली कळ पाठीत जात असेल, तर तडक दवाखाना. आणि एक पेन एकाच माणसाचं. ताई, तिथं पेनं किती आहेत?"

दीपमालानं आत जाऊन फ्रिज उघडला. डब्यांच्या मागं आणखी एकही पेन नव्हतं.

"हे एकच."

"मग सुई बदलली असली तरी पेनात उलटं शिरलेलं एकीचं रक्त दुसरीत गेलेलं असू शकतं. सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. घाबरू नका, पण टाळूही नका."

एकेक हात बेंबीपाशी गेला. माई "अश्रद्धेचं फळ" असं काहीतरी पुटपुटत जिन्याकडे सरकत होत्या. खडकीच्या काकूंनी दाराला कडी घातली आणि पोलिसांना फोन लावा म्हणाल्या.

संध्याकाळी अपेक्षा शुद्धीवर आली. मूत्रपिंडं सावरतील की नाही, हे डॉक्टरांना अजून सांगता येत नव्हतं. तिनं डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "ताई, माई रागावल्या का गं?"

दीपमालाला रडू आवरेना. बायांनो, जो कुणी तुमच्या अंगात काही घालतो, त्याला आधी विचारा: हे काय आहे, किती आहे, आणि मला त्रास झाला तर कुठं जाऊ? उत्तर देण्याऐवजी तो गप्प राहायला सांगत असेल, तर पदर सावरा आणि घरी या.