रेघेपुढचं साल

वडिलांच्या जन्मसालापुढे तिने छोटी रेघ ओढली आणि पेन तसंच हातात धरून बसली. रेघेपुढची जागा रिकामीच राहिली.

"साल घाल आणि पाठवून दे," प्रमुख संपादक दारातूनच म्हणाले. "खंड उद्या छापखान्यात जायलाच हवा."

"सर, कळलेलंच नाही तर घालू कसं?"

"मग नोंद गाळावी लागेल. हयात माणसाची नोंद घ्यायची नाही, हा नियम तुझ्या बाबांचाच." ते आत आले, पण बसले नाहीत. आवाज उतरवून म्हणाले, "अगं, इराणच्या इतिहास-संस्कृतीचा एवढा कोश ज्याने उभा केला, त्याचंच नाव त्यात नसावं? मला नाही पटत. आईशी बोल एकदा."

वडील इराणला गेले होते ते 'कनात' या नोंदीसाठी. कोशाच्या कचेरीत सुरुवातीला त्या शब्दावर हशा पिकायचा. ज्याला त्याला तंबूची कनात आठवायची. ही कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून गावापर्यंत पाणी आणणारं लांबच लांब भुयार. वरून पाहावं तर नुसती विहिरींची ओळ. वाळवंटाच्या कडेला अशाच एका ओळीपाशी त्यांची गाडी सापडली. दार उघडं, पाण्याची बाटली सीटवर भरलेली. तिथली माणसं दोर सोडून विहिरींत उतरली. खाली अंधारात पाणी वाहत होतं, बाकी काही नव्हतं.

तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. मोठी झाल्यावर त्याच कोशात चिकटली. परगावच्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या, आलेली स्थळं परतवली, घर बदलायचा विषय निघाला की उठून जायची. कारण आई वडिलांची वाट पाहत होती. स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेऊन आई रोज त्यांच्याशी बोलायची. गळका नळ, शेजाऱ्यांची कुरबुर, लेकीचा ताप, सगळं त्यांच्या कानावर घालायची. मुलगी बाहेर श्वास रोखून उभी राहायची. इतक्या वर्षांत 'गेले' हा शब्द तिने आईसमोर कधी उच्चारला नव्हता.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. आई मटार सोलत बसली होती.

"आज लवकर?"

"बाबांची नोंद घेताहेत कोशात." तिने पर्स खुंटीला अडकवली. "साल हवंय त्यांना."

कसलं साल, ते आईने विचारलं नाही. शेंगेतले दाणे भांड्यात पाडत म्हणाली, "घाल की. तिकडे गेले त्याच वर्षाचं घाल."

"आई, मी वारल्याचं साल म्हणतेय."

"मीही तेच म्हणतेय. बाटली गाडीतच होती म्हणाले, तेव्हाच काय ते समजले मी. पाणी घेतल्याशिवाय ते कधी लांब जायचे नाहीत. म्हणजे तिथेच, जवळच कुठेतरी..." आईने पुढची शेंग उचलली.

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मग तू रोज बोलतेस ते?"

"तुझ्यासाठी गं. बाबा बाबा करून जीव नकोसा केला होतास. एकदा मी आतून बोलल्यासारखं केलं, तर तू दाराशी येऊन उभी राहिलीस आणि रडं थांबलं. म्हटलं, पोरीला धीर येतोय तर येऊ दे. पुढे थोराड झालीस तरी यायचीसच. फटीतून तुझी सावली दिसायची. बंद कशी करू?"

"आणि मी तुझ्यासाठी अडकून बसले इथे!"

आईला हसू फुटलं, आणि पाठोपाठ तिलाही. हसता हसता तिने पदराला नाक पुसलं. पदर आईचा होता.

तिने उठून कचेरीत फोन लावला. "सर, साल घ्या लिहून." साल तिने एका दमात सांगितलं. "हो, पक्कं. आईनेच सांगितलं." पलीकडून सर नुसतं "बरं" म्हणाले.

ती परत आली तेव्हा कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. आईजवळ फतकल मारून तिने मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"पण सोंग अगदी बेमालूम वठवायचीस हं," ती म्हणाली. "बोलता बोलता मधेच थांबायचीस, हुंकार द्यायचीस. कधी कधी तर खुदकन हसायचीस. मला खरंच वाटायचं, आतून कुणीतरी उत्तर देतंय."

आईचे हात थांबले. लेकीने भलतंच काही विचारावं तशी ती तिच्याकडे बघू लागली.

"मग?" आई म्हणाली. "ते बोलत असताना मी मधे बोलायचं का?"