पंचवीस किलोंची निकिता

गहिनीनाथ गुरुजींच्या शाळेत एकही पोरगं कधी वाळलं नाही, निदान रजिस्टरात तरी. तीन वर्षांपूर्वी शाळेचा वजनकाटा मोडला, तेव्हा गुरुजींनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, की नवा काटा येईपर्यंत माहिती भरणं थांबवू नये. गुरुजी आज्ञाधारक. दर महिन्याला प्रत्येक पोरामागे ते पाव किलो वाढवत गेले. दिवाळीनंतर निम्मी शाळा आईबापांमागे ऊसतोडीला जाई; पोरं तिकडं फडात आणि त्यांची वजनं इकडं शेवगाव तालुक्यात नेमानं वाढत.

यंदा काटा आला. पाठोपाठ आरोग्य खात्याच्या ज्योती सिस्टर आल्या. चौथीतली निकिता काट्यावर उभी राहिली. सतरा किलो. रजिस्टरात पंचवीस.

“आठ किलो कुठे गेले, गुरुजी?”

“काटा नवा हाय. रुळायला वेळ लागंल.”

सिस्टर स्वतः काट्यावर चढल्या आणि उतरल्या. “माझं बरोबर दाखवतोय. दुर्दैवानं.”

मग त्यांनी आवाज खाली आणला. निकिताला जादा आहाराच्या यादीत घालायचं, म्हणजे रोज अंडं, शेंगदाण्याचा लाडू, महिन्याला डॉक्टर. पण त्यासाठी तीन महिने सलग वजन कमी नोंदलेलं हवं. “रजिस्टर चुकलंय असं लिहून दिलंत, तर आजचं वजन धरता येईल. यादी आज जाते.”

गुरुजींच्या निवृत्तीला आठ महिने होते. ते टोपी काढून डोकं खाजवत बसले.

खिचडी शिजवणाऱ्या केशरबाई दारातून म्हणाल्या, “ही पोरगी दुसऱ्यांदा वाढलेलं डब्यात भरती अन् धाकट्या भावाला नेती. तुमच्या रजिस्टरातली पंचवीस किलोंची पोरगी काय खाती, गुरुजी?”

गुरुजींनी कागद घेतला. ‘मागील तीन वर्षांची वजने अंदाजे आहेत’ असं लिहिलं. थोडं थांबले. ‘अंदाजे’ खोडून ‘खोटी’ लिहिलं आणि सही केली.

निकिताचं नाव यादीत लागलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या आईबापांच्या ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर निघायचा होता आणि तीही जाणार होती. त्याच संध्याकाळी गुरुजी आणि केशरबाई, तिला गावातच ठेवा असं सांगायला, तिच्या घरी गेले. तिचा बाप सहादेव भांडी पोत्यात भरत होता.

“ती हितं ऱ्हायली तर फडात धाकट्याला कोन बगनार?”

“दोघांनाबी माझ्याकडं ठेव,” केशरबाई म्हणाल्या. “माझी पोरं गेली पुण्याला. घरात भांडायलाबी कुनी न्हाई.”

सहादेव बराच वेळ पोत्याचं तोंड आवळत राहिला. “मग गुरुजी, वजन वाढंल असं लिहून द्या.”

गुरुजींचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

“लिहून देत न्हाई, बाबा. लिहून लिहूनच वाढवली तिला. दर सोमवारी काट्यावर उभी करीन अन् फोनवर जे हाय ते सांगीन.”

“कमी झालं तर?”

“तर तेबी.”

सहादेवच्या बायकोनं, रंगुबाईनं, बांधलेल्या गाठोड्यातून पोरांचे कपडे वेगळे काढले. काढताना प्रत्येक कपडा हातानं सारखा केला.

पहिल्या सोमवारी निकिता काट्यावर उभी राहिली. गुरुजींनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं, मग फोन लावला.

“किती भरली?” फडातून सहादेवनं विचारलं.

“पावणेसतरा.”

“फुडच्या सोमवारीबी फोन करा,” कोयत्यांच्या आवाजातून सहादेव म्हणाला.