जुना फोन आईला

सासूबाई रफू करतात. कसरीने खाल्लेला कोटसुद्धा असा सांधतात की भोक कुठे होतं ते मालकालाही शोधावं लागतं. त्याच सासूबाईंनी परवा एक शाल हातही न लावता परत पाठवली आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, आता बास. माझं काही खरं नाही."

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. काम झालं की त्या गिऱ्हाइकाला टाक्यांचा फोटो पाठवतात. मुलाकडून मिळालेल्या जुन्या फोनवर जवळून काढलेला एकही फोटो धड येत नव्हता, सगळे धूसर. त्यांनी कोपर उशीवर टेकवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. शेवटी आपला हात थरथरतो असं स्वतःच ठरवून टाकलं. त्यात गिऱ्हाइकांचे नंबर गायब झाले.

"मीच काहीतरी दाबलं असणार. हात गेला, आता डोकंही चाललं. तुम्हा दोघांना सांगायची लाज वाटली गं," असं म्हणून त्यांनी सुयांची डबी माझ्या हातात ठेवली.

नवरा सोफ्यावर लोळत होता. मी फोन त्याच्या पोटावर ठेवला. त्याने लेन्स पुसली, कव्हर काढलं, फोन बंद करून चालू केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जवळचा फोकस गेलाय याचा. माझ्याकडे होता तेव्हाच गेला होता."

"म्हणून तू नवीन घेतलास?"

"आईला काय करायचाय कॅमेरा, असं वाटलं."

"म्हणजे माझा हात नाही थरथरत?" सासूबाईंनी दोन्ही हात पुढे धरून निरखून पाहिले आणि हसल्या. रागवायचं त्यांना सुचलंच नाही. मला मात्र चांगलंच सुचत होतं.

"आणि नंबर?" मी विचारलं.

फोन देताना आपलं खातं काढायचा या शहाण्याने कंटाळा केला होता. त्यामुळे सासूबाईंनी साठवलेला प्रत्येक नंबर याच्याही फोनात उमटत होता. आणि त्या माणसं ओळखतात ती कपड्यांवरून: 'कसर लागलेला कोट', 'खिसा फाटका डॉक्टर', 'उसवलेली बाही ताई'. मध्यंतरी ऑफिसातले साहेब शेजारी बसलेले असताना ही नावं फोनला जोडलेल्या गाडीच्या पडद्यावर आली आणि साहेबांनी ती मोठ्याने वाचली. घरी येऊन त्याने मला ते रंगवून सांगितलं, मीही पोट धरून हसले. त्याने ती सगळी पुसून टाकली, हे काही सांगितलं नव्हतं. इथून पुसलं की तिकडूनही जातं, हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं.

"चुकून उडाले, आई," तो म्हणाला. "परत आणता येतात."

आलेही सगळे. सासूबाई खुशीत एकेक नाव वाचत होत्या, वाचता वाचता थांबल्या.

"हे तुझ्या फोनात दिसायचं?"

"हो."

"ऑफिसातल्या कुणी पाहिलं?"

त्याचे कान लाल झाले होते. आईला तेवढं पुरलं.

"माझ्यामुळे तुला मान खाली घालावी लागली," त्या म्हणाल्या. "आधी सांगायचंस ना रे. मी नावं नीट लिहिली असती."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो "तसं नाही, आई" इतकंच पुटपुटला.

"हे वेगळं करता येतं का? तेवढं कर."

तो कितीतरी वेळ खपला. त्यांच्यासाठी नवं खातं उघडलं, नंबर तिकडे हलवले. आपला नवा फोनही त्यांच्यापुढे धरला, पण त्यांनी घेतला नाही. फोटोपुरता सूनबाईचा वापरीन म्हणाल्या. मग चष्मा सारखा करत त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "आता माझं काही तुझ्याकडे येणार नाही ना? नक्की?"

"नाही येणार," तो म्हणाला.

हेच तर त्याला हवं होतं. त्याला मान वर करवेना, आणि मला सासूबाईंकडे बघवेना.