साखळीचे खोल टोक

मिशिगन सरोवराकाठच्या आमच्या क्ले हार्बरला कोणी पाण्यात हरवले, तर किनाऱ्यावर असतील तेवढ्या माणसांची आम्ही साखळी करतो. तटरक्षकांची नौका मिलवॉकीहून यायला वेळ लागतो, आणि आमच्या बाजूचा तळ बराच दूरवर छातीएवढ्या पाण्याखाली सपाट पसरलेला आहे, म्हणून ही रीत पडली. एक टोक वाळूत, दुसरे टोक खोलात, आणि सगळ्यांनी मिळून किनाऱ्याला समांतर एकेक पाऊल टाकत तळ चाचपत जायचे. हातात हात घ्यायचा नाही; एकमेकांचे मनगट धरायचे, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची टिकते. वाऱ्यात आणि लाटांत शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून माणूस सापडला की निरोप किनाऱ्याकडून खोलाकडे तोंडोतोंडी जातो: सापडला, सोडा. पण निरोप मिळालेल्याने लगेच सोडायचे नसते. त्याने तो पुढच्याला सांगायचा आणि थांबायचे. आधी खोल टोकाचा माणूस सोडतो, आत येतो, मग त्याच्या अलीकडचा. निरोप बाहेर जातो, सुटका आत येते. मी तांत्रिक महाविद्यालयात यंत्रकाम शिकलो आणि आयुष्यभर पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळले. या रीतीहून जास्त विचारपूर्वक केलेल्या रचना मी फार थोड्या पाहिल्या.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ती एकदाच चुकली. टेसा नावाची एक पाहुणी मुलगी हरवली होती. व्हर्न बुडनिक आमच्यात सर्वांत उंच, तो नेहमीप्रमाणे खोल टोकाला होता. मुलगी आइस्क्रीमच्या खिडकीपुढच्या रांगेत दुसऱ्याच कुटुंबाबरोबर उभी सापडली. निरोप निघाला. साखळीच्या मध्यावर एक पर्यटक होता. त्याने ‘सापडली’ एवढेच ऐकले, आनंदाने दोन्ही हात वर केले आणि किनाऱ्याकडे धावत सुटला. त्याच्या पलीकडच्यांना काही कळायच्या आत लाटा आल्या. बाकीचे धडपडत परतले. व्हर्न परतला नाही. पाणबुडे आले, यंत्रे आली, काहीच हाती लागले नाही. मिशिगन सरोवराच्या थंड तळाशी गेलेले वर येत नाही, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही.

व्हर्नची बायको मार्लिस हिची धक्क्याजवळ लाकडी टपरी आहे. तिथे ती कयाक होड्या आणि उभ्याने वल्हवायच्या फळ्या भाड्याने देते, आणि पाहुण्यांना सकाळी मातीच्या कड्याखालून, संध्याकाळी दीपगृहाला वळसा घालून फिरवून आणण्यासाठी वाटाडे पाठवते. निवृत्त झाल्यापासून तिच्या होड्यांची डागडुजी मी करतो. व्हर्न गेल्यावर तिने टपरी एक दिवसही बंद ठेवली नाही. मात्र स्वतः पाण्यात पाऊल घातले नाही. होडी ढकलायची वेळ आली की ती मला हाक मारायची आणि स्वतः कोरड्या वाळूत उभी राहायची.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या इलिनॉय राज्यातला एक दंतवैद्य फिरून आला. इलिनॉयचे लोक रस्त्यावर गाडी रेटतात तसेच पाण्यात वल्हेही रेटतात, असे आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणतो आणि तेही हसतात. हा मात्र हसला नाही. जुन्या धक्क्याचे कुजके खांब जिथे पाण्याखाली उभे आहेत, त्याच्या पलीकडे त्याने गंमत म्हणून हात पाण्यात सोडला होता. कोणीतरी त्याचे मनगट धरले, क्षणभर धरून ठेवले आणि सोडले. दुखले नाही, असे त्याने दोनदा सांगितले. ज्याला शोधतोय तो मीच का, एवढेच कोणी पाहून घेतल्यासारखे वाटले, म्हणाला. मी शेवाळ असेल म्हणालो. मार्लिसने त्याला विचारले, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला होता की बाहेरच्या. त्याने आतल्या बाजूला म्हणून दाखवले. व्हर्न तसाच धरायचा. त्या दिवशी तिने त्याच्याकडून भाडे घेतले नाही.

त्यानंतर मार्लिसच्या फेऱ्यांची वाट बदलली. कड्याकडे जाणारे, दीपगृहाकडे जाणारे, सगळे आता जुन्या धक्क्यावरून जाऊ लागले. तिथे पाणी फार नितळ आहे, ती सांगायची. जरा हात घालून बघा. आणि पाहुणे परतले की त्यांचा टॉवेल घेऊन समोर उभी राहायची. बहुतेकांना काही जाणवलेले नसे. कधी एखादी बाई मनगट चोळत उतरायची, आणि मार्लिसचा चेहरा दिवसभर उजळलेला असायचा.

मी स्वतः होडी घेऊन तिथे गेलो होतो. हात खांद्यापर्यंत बुडवला, मुलगी सापडली म्हणून मोठ्याने सांगितले, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळून परतलो. मला कोणी धरले नाही. व्हर्न परक्यांचेच हात धरत होता, कारण हरवलेली मुलगी परक्यांची होती. शिवाय साखळीतला निरोप ओरडून द्यायचा नसतो, शेजाऱ्याने मनगट धरून द्यायचा असतो.

हे मी मार्लिसशी एकदाच स्पष्ट बोललो. टपरीच्या पायरीवर बसून ती जीवरक्षक जाकिटांचे पट्टे सोडवत होती.

“त्याला कुणी सांगितलंच नाही, मार्लिस. तो अजून शोधतोय. थकला असेल गं.”

“माहीत आहे मला.”

“मग तू जा. तुझा हात तो ओळखेल.”

“ओळखेल ना, म्हणूनच नाही जात.” तिने पट्टा खाली ठेवला. “त्याच्यापुढे मला आयुष्यात कधी काही लपवता आलं नाही, ऑरिन. हात धरला की सांगून टाकेन. आणि सांगितलं की तो जाईल. मग तिथं नुसतं पाणी उरेल. ते बघत टपरी चालवायची म्हणतोस?”

निदान फेऱ्यांची वाट तरी बदल, मी म्हणालो. तिने बदलली नाही.

ऑगस्ट संपता संपता एक शिक्षिका फळीवरून ओढली गेली. तिच्या मैत्रिणीने दुसरा हात धरून जोर लावला तेव्हा ती सुटली. मनगटावर पाच पांढरे पट्टे होते आणि तिथले रक्त परत यायला फार वेळ लागला. वेलीत अडकला असेल हात, असे तिने स्वतःच ठरवले. आमच्याकडचे लोक दुसऱ्याला अडचण होऊ नये म्हणून आपली भीतीसुद्धा घडी करून ठेवतात. ती गेल्यावर मार्लिस म्हणाली की त्याने एवढे घट्ट कोणाला कधी धरले नव्हते. थकलेला माणूस घट्टच धरतो, मी म्हणालो. टपरी बंद करते म्हणून तिने त्या रात्रीपुरत्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि सकाळी परत मागून घेतल्या.

उन्हाळा संपवणारी लेबर डेची सुट्टी झाली. जीवरक्षकांच्या उंच खुर्च्या उचलून नेल्या गेल्या, पाहुणे विरळ झाले. सप्टेंबरात ससाण्यांचे थवे कड्यावरून दक्षिणेकडे जातात. ते पाहायला दुर्बिणी घेऊन काही हौशी लोक येतात, तेवढीच वर्दळ. अशा एका शुक्रवारी, चर्चच्या सभागृहातल्या जेवणाच्या पंगतीतून तळलेल्या माशांचा वास यायला लागला होता तेव्हा, आयोवाची एक म्हातारी बाई वाळूतून चालत टपरीपाशी आली. तिचे नाव आर्डिस. तिने आधी हवा छान असल्याचे सांगितले. मग, तुम्हाला त्रास देत नाही ना, असे विचारले. मग म्हणाली की तिचा नवरा क्लॅरेन्स पोहायला उतरला, त्याची पँट, शर्ट, चष्मा सगळे नीट घडी करून ठेवलेले आहे, आणि तो बराच वेळ दिसत नाही.

अग्निशमन दलाच्या जोलीनने माणसे गोळा केली. पंगतीतून लोक तोंड पुसत आले, काही हातात पावाचा तुकडा तसाच धरून आले. तरी साखळी तोकडी पडत होती. जोलीन मला म्हणाली, “ऑरिन, तू वाळूच्या बाजूला राहा. तुझे गुडघे एवढे वाजतात की बुडालेला माणूस घाबरून पळेल.” दोघे-तिघे हसले. इतक्यात मार्लिस टपरीतून बाहेर आली. तिने बूट काढले, बाकीचे कपडे तसेच ठेवून सरळ पाण्यात शिरली, आणि सगळ्यांना ओलांडून खोल टोकाकडे चालू लागली. जोलीन तिला थांबवायला तोंड उघडत होती. मी मानेनेच तिला नको म्हटले आणि मार्लिसच्या मागे गेलो. गुडघ्यांबद्दल मग कोणी बोलले नाही.

पाणी बर्फासारखे होते. मार्लिस शेवटची, तिच्या अलीकडे मी. तिचे डावे मनगट माझ्या हातात, माझे तिच्या. तिचा उजवा हात मोकळा. पाणी तिच्या काखेपर्यंत होते. आम्ही पाऊल टाकत उत्तरेकडे सरकू लागलो. तळाशी वाळू, मग गोटे, मग पुन्हा वाळू. जुन्या धक्क्याचा पहिला खांब माझ्या पोटरीला घासला, तेव्हा मार्लिसने उजवा हात पाण्याखाली सोडला.

पुढे जे जाणवले ते मी जसेच्या तसे सांगतो. लाटेची ओढ येते आणि जाते. तिला लय असते, आणि शरीर तिच्याशी जुळवून घेते. ही ओढ तशी नव्हती. मार्लिसच्या खांद्यातून माझ्या हातात एक सलग, स्थिर ताण आला, ताणलेल्या दोरावर ओझे टांगल्यावर येतो तसा. तिचा चेहरा खोलाकडे वळलेला होता. तिने मागे न पाहता हळू म्हटले, “अंगठा आतच आहे.”

आम्ही आणखी काही पावले गेलो असू. किनाऱ्याकडून निरोप आला. क्लॅरेन्स सापडला होता. तो पाण्यातल्या दगडी बांधाला वळसा घालून पलीकडे निघाला होता, दमला होता, कडा चढून पक्षी पाहणाऱ्यांत जाऊन बसला होता. कोणीतरी त्याला घोंगडी दिली होती आणि कोणीतरी दुर्बीण. माझ्या डावीकडच्या माणसाने मला सांगितले: सापडला, सोडा. मी मार्लिसला सांगितले. आणि रीतीप्रमाणे थांबलो.

ती आत यायला वळली नाही.

डावीकडचा माणूस वाट पाहत राहिला. त्याच्या अलीकडचाही. अख्खी साखळी थंड पाण्यात उभी राहिली आणि सगळे आमच्याकडे पाहू लागले. ताण वाढत होता. मार्लिसची टाच वाळूवरून निसटली, मग दुसरी. पाणी तिच्या हनुवटीला लागले. माझा खांदा सांध्यातून उखडतो की काय असे वाटले. तिने माझ्या मनगटावरची बोटे उघडली. आता मीच तिला धरलेले होते, तिने मला नाही.

“सोड मला, ऑरिन,” ती म्हणाली. अगदी मऊ आवाजात, दार उघड म्हणावे तसे.

“मला सोडता येत नाही. आधी पुढं सांगावं लागतं.”

“पुढं सांगायचंच नाहीये मला.”

“तो तुझा शेजारी आहे, मार्लिस. त्याला थंडी वाजत असेल.”

एक लाट तिच्या डोक्यावरून गेली. ती वर आली तेव्हा खोकत होती, रडत होती की काय ते पाण्यात समजले नाही. मग तिने श्वास जमवला आणि पाण्याला तोंड लावल्यासारखी वाकून बोलली. घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलावे, एवढाच आवाज होता.

“व्हर्न, ती मुलगी सापडली रे. तेव्हाच सापडली होती. आइस्क्रीम खात होती. मोठी झाली असेल आता. तुला कुणी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. सोड आता.”

मी ताण सुटायची वाट पाहत होतो. तो सुटला नाही.

मार्लिसची बोटे परत माझ्या मनगटावर आली आणि घट्ट बसली. “तो वळला,” ती म्हणाली. “पलीकडं वळलाय. थांब.”

आम्ही थांबलो. वारा पडला होता आणि कड्यावर कोणीतरी पक्ष्याकडे बोट दाखवत होते. मग माझ्या हातातला ताण थोडा कमी झाला. थोडाच, ओझ्यातले एक वजन काढून घ्यावे तेवढा. जरा वेळाने पुन्हा तेवढाच. मग पुन्हा. ही सुटका आधी फार लांबून आली, आणि मग प्रत्येक वेळी आधीपेक्षा जवळून. मला ते कळले, कारण आमची रीतच तशी आहे: आधी सर्वांत खोलातला सोडतो, मग त्याच्या अलीकडचा. मार्लिसचे पाय पुन्हा तळाला टेकले. तरी ते चालूच होते. साखळीतल्या लोकांचे दात वाजत होते, पण कोणी हात सोडला नाही.

शेवटी मार्लिसने उजवा हात पाण्याबाहेर काढला आणि स्वतःच्या छातीशी धरला. तो रिकामा होता. ती वळली आणि आम्ही आत निघालो.

वाळूत आर्डिसने तिच्या खांद्यांवर स्वतःचा कोट घातला आणि एवढा त्रास दिल्याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागितली. मार्लिस तिला म्हणाली की त्रास कसला, आपली माणसे आहेत. मग ती माझ्याजवळ बसली आणि तिने पाण्याकडे पाहिले. तिथे आता नुसते पाणी होते.

“तो शेवटी सुटला,” ती म्हणाली. “आधी त्याच्या पलीकडचे, आजवर इथं बुडालेले सगळे.”

मी हो म्हणालो. तो उतरत जाणारा ताण माझ्या खांद्यातून गेला होता. ते किती होते, हे मोजता आले असते. मी मोजले नाही.