मी उताणी पडले तेव्हा

मी एक टॅरंटुला बोलतेय. होय, तीच केसाळ, आठ पायांची, जिचं नुसतं नाव काढलं तरी पाहुणे पाय खुर्चीवर घेऊन बसतात. घरातल्या कोळ्याची मी थोरली बहीण म्हणा. पण रूप, रुबाब आणि आयुष्य यांत तो बिचारा माझ्या पासंगालाही पुरायचा नाही.

डाळीच्या दाण्याएवढी असताना ताईनं मला एका डबीतून घरी आणलं. ताई बंदरावर क्रेन चालवते. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांचं खाली सलून, वर राहण्याच्या खोल्या. मला बघून ते म्हणाले, "पोरी, मांजर पाळायचंस, गेलाबाजार एखादा पोपट! हे काय ध्यान उचलून आणलंस?"

ताई नुसती हसली. पण रोज माझ्या काचपेटीपुढे बसून निरखायची. पोट गरगरीत आहे ना, चाल नेहमीची आहे ना, वाटीत पाणी आहे ना. "बाबा, हिचं पोट सुरकुतलं आणि पाय मुठीसारखे अंगाखाली आवळले, तर घाबरायचं," असंही सांगायची. बाबा वर्तमानपत्राआडून "हं" म्हणायचे.

मी वाढले, तळहाताएवढी झाले. मग एकदा मी खाणं सोडलं. समोर नाकतोडा नाचला तरी ढुंकून पाहिलं नाही. पोटावर टक्कल पडलं होतं, तेही काळवंडलं. जन्मभर लोकांची डोकी हाताळलेल्या बाबांना राहवेना. "केस गळतायत, अन्नावर वासना नाही. हिचं काही खरं नाही."

"पोट बघा की, कसं टम्म आहे," ताई म्हणाली. "ही आजारी नाही."

एका दुपारी ताई कामावर असताना मी रेशमाची चटई विणली आणि तिच्यावर उताणी पडले. आठही पाय वर. बाबा चहाला वर आले आणि ओरडलेच. ओरडणं ऐकून एक गिऱ्हाईक दाढीच्या फेसासकट धावत आलं.

"गेली बिचारी," फेसवाला म्हणाला. "पोरगी यायच्या आत पुरून टाका. तिला बघवायचं नाही."

बाबांनी ताईला फोन लावला. पण क्रेनवर असताना ती फोन घेत नाही. शेवटी त्यांनी बुटांचं खोकं काढलं, पेटीचं झाकण सरकवलं. मोठा चमचा माझ्या अंगाशी आला. मी जुन्या कातडीत अडकलेले, हलणार कशी? एक धक्का लागता तर माझं कोवळं अंग फाटलं असतं.

चमचा तसाच थांबला. "आवळले तर, म्हणाली होती ती," बाबा पुटपुटले. "हिचे पाय तर पसरलेत. आणि पोटही टम्म आहे."

"अहो, मेल्याशिवाय कोणी असं उताणं पडतं का?"

"मी पडतो रोज जेवल्यावर," बाबा म्हणाले आणि त्यांनी झाकण लावून टाकलं.

त्यांनी रेडिओ बंद केला आणि स्टूल ओढून ते माझ्यासमोर बसले. तेवढ्यात ताईचा फोन आला. मी उताणी पडल्याचं बाबांकडून ऐकताच ती म्हणाली, "बाबा, हात लावू नका, फुंकरही घालू नका. ती कात टाकतेय!"

"ते मला कळलंय," बाबा ऐटीत म्हणाले.

मग माझी पाठ उकलली. मोज्यातून काढावा तसा एकेक पाय सोडवत मी बाहेर आले. काळंभोर मखमली अंग, टकलाच्या जागी दाट केस! "ना तेल, ना औषध," बाबा हरखून म्हणाले. फेसवाल्याच्या गालावरचा फेस वाळून गेला होता. दाढी अर्धीच राहिल्याची त्याला शुद्धच नव्हती. आनंदाच्या भरात बाबा मला नाकतोडा भरवायला निघाले, पण माझे दात अजून मऊ होते. ताईनं घरी येऊन त्यांना वेळेवर आवरलं.

आता ताई दूरच्या बंदरावर असते आणि माझं सगळं बाबा बघतात. मला हातावर मिरवू नका, काचेवर टकटक करू नका. रोज घटकाभर नीट निरखा, एवढंच माझं तुमच्याकडे मागणं. बाबा ते चुकवत नाहीत.

परवा एका नव्या गिऱ्हाईकानं विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"दोघी," बाबा कात्री थांबवून म्हणाले. "एक क्रेन चालवते. दुसरी वर असते, ठणठणीत आहे."