कुलूप बाहेरच्या हातात

सकाळपासून धाकटीचं कामात लक्ष नव्हतं. इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकतो का, हे तपासून दाखला देणाऱ्या कचेरीत ती नोकरीला होती. नऊ वाजता थोरल्या बहिणीने, ताईने कळवलं होतं, "नोकरीच्या मुलाखतीला निघालेय. ह्यांना सांगितलेलं नाही." त्यानंतर तिचा फोन लागेना.

अकराला तिचाच आला. "अगं, मी वाहनतळावर गाडीत अडकलेय. दारं उघडत नाहीत, काचा उतरत नाहीत. ह्यांनी मोबाइलवरून कुलूप घातलंय. म्हणतात, कुठं निघालीस ते आधी बोल. ऊन नुसतं भाजतंय गं…"

धाकटी धावत पोहोचली तेव्हा वाहनतळाच्या रखवालदाराने पहारीने काच फोडली होती. ताई फरशीवर बसली होती, ओठ कोरडे, हातात काचेचे कण. तेवढ्यात भाऊजी आले.

"बायकोची काळजी करणं गुन्हा आहे का? गाडी माझ्या नावावर आहे."

"गाडी तुमच्या नावावर असेल. ताई नाही," धाकटी म्हणाली. तिने ताईला दवाखान्यात नेलं, सलाइन लागेपर्यंत थांबली आणि तडक कचेरी गाठली.

त्या गाडीच्या मॉडेलची फाइल तिने काढली. प्रश्न चौदावा : बाहेरून लावलेलं कुलूप आत बसलेल्याला उघडता येतं का? पुढे 'होय'. खाली सही तिचीच. त्या दिवशी कामाची घाई होती. कंपनीच्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

ती फाइल घेऊन साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "हा घरगुती मामला. नियम चोरांसाठी आहे, नवऱ्यांसाठी नाही."

"कुलूप कुणी घातलं हे गाडीला कळत नाही, साहेब. आत कोंडलेल्या माणसाला तेवढा फरक करत बसायला श्वास पुरत नाही."

"सही तुझी आहे. पहिली तूच अडकशील."

"अडकेन. मला निदान श्वास तरी घेता येईल."

तिने जागेवर बसून लिहिलं : 'मी न तपासता सही केली. दाखला रद्द करावा आणि रस्त्यावरच्या या सगळ्या गाड्या परत बोलवाव्यात.' साहेबांनी कागदाला हात लावला नाही. तेव्हा ती खाली आवक-जावकच्या खिडकीशी गेली.

कारकुनाने मजकूर वाचला. "बाई, हे तुमच्याच विरुद्ध आहे."

"हो. शिक्का मारा," ती म्हणाली, "आणि पोच द्या."