अडवू नको, फक्त नोंद कर

ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणायचे, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ दोन टेबलं सोडून बसायचा आणि दिवसातून पन्नासदा "ताई!" अशी हाळी द्यायचा. आवाज असा दणदणीत, की लहानपणीच त्याचं नाव भोपू पडलं होतं. शहरातल्या सात रुग्णालयांना जोडणारं नेटवर्क ही माणसं सांभाळायची. भोपूला हे काम ताईनेच शिकवलं होतं, अगदी हाताला धरून.

पहिला धडा पहाऱ्याचा. कुठली माहिती कुठल्या वाटेने जायची हे ठरवणारी राउटिंगची सेवा एका सर्व्हरवर चालायची. त्या सेवेने कुठली फाईल वाचायची, कुठलीला हात लावायचा नाही, हे पॉलिसीत, म्हणजे नियमांच्या यादीत, आखून दिलेलं. रेषेबाहेर पाऊल पडलं की सर्व्हरवरचा पहारा तिला अडवणार, मग ती कुणाच्या का अधिकाराने चालेना.

"म्हणजे मालकालाही मुभा नाही?" भोपूने विचारलं होतं.

"मालकाचं सोंग घेऊन चोर आला तर?" ताई म्हणाली, आणि ते त्याला कायमचं पटलं.

त्या शुक्रवारी ताई रजेवर होती. आई बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं, आणि प्लास्टरच्या रांगेत बसलेली असताना भोपूचा फोन आला.

"ताई, नव्या रुग्णालयाच्या वाटा घातल्यात, पण सेव्ह होत नाहीत. पहारा सेवेला तिचीच फाईल लिहू देईना. साहेब डोक्यावर बसलेत."

खरं तर पॉलिसीत तेवढीच एक परवानगी लिहायची होती. पण शेजारी आई कण्हत होती आणि आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

"या सेवेपुरता पहारा नुसत्या नोंदीवर टाक. अडवू नको, फक्त नोंद कर म्हणावं त्याला. सोमवारी मी बघते."

"नक्की ना?"

"अरे, बघते म्हटलं ना!"

सोमवारी भलतंच काही उपटलं. मंगळवारी आणखी काही. भोपूने एकदा आठवण केली, ती "हो हो" म्हणाली. मग दोघंही विसरले.

पाच महिन्यांनी कुणीतरी त्या सेवेतल्या एका जुन्या फटीतून आत शिरलं आणि सर्व्हरवरच्या गुप्त किल्ल्यांच्या फायली वाचून घेऊन गेलं. पहाऱ्याने सगळं पाहिलं, इमानेइतबारे लिहून ठेवलं, आणि अडवलं काहीच नाही. त्या किल्ल्यांनी रुग्णांची दप्तरं उघडली. हजारो लोकांचे आजार चव्हाट्यावर आले. त्यांतली एक बाई ऑफिसच्या स्वागतकक्षात आली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. नुसतं विचारत राहिली, "माझ्या घरच्यांना हे कुणी सांगितलं?"

ताईने त्याच दिवशी परवानगी लिहिली आणि पहारा पुन्हा चालू केला. चार मिनिटं लागली.

चौकशी बसली. साहेबांनी नोंद काढली. पहारा नुसत्या नोंदीवर टाकायचा हुकूम भोपूच्या खात्यातून गेला होता.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

भोपूने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्याच मनाने, साहेब. घाई होती."

ताईने तोंड उघडलं. मग मिटलं. साहेबांनी फाईल मिटली.

दुपारी तो खण रिकामा करून निघाला, तेव्हा तिने त्याला जिन्यात गाठलं. "खोटं का बोललास रे?"

"दोघंही घरी बसलो तर आईचं काय? तुझं नाव आहे, तू टिकशील. मला कुठेही मिळेल काहीतरी. आता तू गप्प राहा."

त्याला कुठेच काही मिळालं नाही. या धंद्यात बातमी वाऱ्यासारखी फिरते. पहारा काढणाऱ्या माणसाला दारात कोण उभं करणार? दोन महिन्यांत भोपू इतका हळू बोलायला लागला, की आईला वाटलं आपल्यालाच कमी ऐकू येतंय.

शेवटी ताईने सगळं लेखी दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"आत्ता?" एवढंच म्हणाले.

ताईची जबाबदारी काढून घेतली, तिला तक्रारी नोंदवायच्या टेबलावर बसवलं. भोपूला परत घेतलं नाहीच. चौकशीत खोटं बोलला, हा त्याच्या नावावर आणखी एक डाग लागला.

ती सांगायला त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने दार उघडलं. तो गळका नळ खोलून बसला होता.

"तुझ्यासाठी आयुष्यात एकच गोष्ट केली होती मी," तो म्हणाला. "तीही तू ठेवली नाहीस."

"मला सहन होत नव्हतं रे."

"तेच तर. तुला सहन झालं नाही म्हणून बोललीस. त्या दिवशी चौकशीच्या खोलीत बोलली असतीस, तर ते माझ्यासाठी झालं असतं."

ते खरं होतं. तो पुन्हा नळाकडे वळला. ती चपला घालून निघाली.

पुढे तो बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला. दर रविवारी सकाळी आईला फोन करतो. बोलणं संपत आलं की आई फोन ताईपुढे धरते, आणि पलीकडून तोवर फोन ठेवलेला असतो.

"तुम्ही दोघं भांडलात का गं?" आई विचारते.

"नाही गं आई," ताई म्हणते. भांडणं झाली असती, तर मिटली तरी असती.